पिवळा फडका

गावापासून दोन हाकांवर, प्रवाळाच्या खडकात
एक काठी रोवली आहे
आणि तिच्या टोकाला माझ्या जुन्या लुगड्याचा फडका.
तो फडका म्हणजे कायदा.
त्याच्या पलीकडे तीन महिने
भाला न्यायचा नाही, पाय ठेवायचा नाही,
शिंपलासुद्धा उचलायचा नाही.

हे आम्हीच ठरवलं. चिंचेखाली बसून,
भांडून, दोनदा उठून जाऊन.
तुलेअरहून आलेल्या बाईंनी वाळूत नकाशा अंथरला,
त्यात समुद्राच्या चौकटी पाडल्या होत्या.
म्हातारा रेमानाना वाकून बघत म्हणाला,
"यात ओहोटी कुठंय?"
बाई हसल्या नाहीत. पेन्सिल त्याच्या हातात दिली.
त्यानं मारलेली रेघ वाकडी आली.
तीच राहिली.

राखणीला मला नेमलं,
कारण मला होडी नाही, नवरा नाही,
आणि कुणाचं देणं नाही, असं म्हणाले.
(वाण्याच्या वहीत माझं नाव
पहिल्याच पानावर आहे. पण ती वही कुणी मागितली नाही.)

रिकाम्या सुकतीकडे बघत बसणं सोपं नसतं.
तिथली भोकं माझ्या तळव्यांना पाठ आहेत,
कुठल्या दगडाआड ऑक्टोपस बसलाय
ते मी डोळे मिटून सांगेन.
त्याची मादी बिळात अंडी राखते,
त्यांवर पाण्याची फुंकर घालते, काही खात नाही,
पिल्लं सुटली की मरते.
राखणदाराचा पगार साधारण असाच.

रात्री क्षितिजावर मोठ्या जहाजांचे दिवे लागतात,
सगळं तळ खरवडून नेणारे.
त्यांना माझा फडका दिसत नाही.

पन्नासाव्या रात्री, अमावास्येच्या सुकतीला
फडक्यापलीकडे एक बॅटरी हलली.
सुआझारा.
जिच्यासोबत मी भाला धरायला शिकले.
पोत्यात दोन होते, मुठीएवढे, मेलेले.
"फियारीची परीक्षेची फी," ती म्हणाली.
मी म्हटलं, "परत सोड."
दोघींनाही कळलं, मी काय मूर्खासारखं बोलले ते.
मग आम्ही पाणी चढेपर्यंत उभ्या राहिलो,
आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत.

सकाळी मी तिचं नाव लिहिलं.
दंड एक शेळी.
तिच्याकडे एकच होती, गाभण.
त्या दिवसापासून विहिरीवर माझी घागर
कुणी उचलून दिली नाही.
फडका मात्र कुणी हलवला नाही.

आणि मग रेघ उघडली तो दिवस!
पोरं, पोटुशा बाया, दमेकरी म्हातारे, सगळे पाण्यात.
काट्यावर चार किलो, पाच किलो,
एक तर रेमानानाच्या छातीला आठही हातांनी असा बिलगला
की लोक म्हणाले, आता लग्नच लावा.
पण शेजारच्या तीन गावांनीही
तोच दिवस धरला होता.
दुपारपर्यंत व्यापाऱ्याचा बर्फ संपला,
भाव निम्म्यावर आला,
आणि रात्री सगळं गाव
पोट दुखेपर्यंत तेच खात होतं.

पुन्हा चिंचेखाली बसलो.
या खेपेला आपण पंधरा दिवस उशिरा उघडायचं,
एवढं भांडणाशिवाय ठरलं.
राखणीला कोण?
सगळे आपापली नखं बघू लागले.
मागून आवाज आला, "मी."
सुआझारा उभी होती.
"चोर कुठल्या बाजूनं येतात ते मला माहीत आहे."
आधी कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले.
ती नाही. मीही नाही.

संध्याकाळी मी काठीवरचा फडका सोडला.
गाठ खारानं दगड झाली होती, दातांनी सोडावी लागली.
तिच्या दारात जाऊन पुढे केला.
तिनं तो उलटापालटा करून पाहिला,
उजेडाला धरला.
"फाटलाय," म्हणाली,
चाळीस दिवसांतला पहिला शब्द,
आणि सुई शोधायला आत गेली.